परसातील कोठार : हद्द, पागोळी आणि परवानगी

रब्बीची मळणी आटोपली, ज्वारीची पोती घरात आली आणि कडब्याच्या पेंढ्या दारात येऊन पडल्या की शेतकऱ्यास जागेची अडचण भासू लागते. होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या दिवसांत म्हणूनच गावोगाव परसात खांब रोवले जातात आणि त्यांवर पत्रे चढतात. सहा खांब, थोडे वासे, डझनभर पत्रे आणि दोन-तीन दिवसांची मजुरी एवढ्यात हे काम उरकत असल्यामुळे त्यास 'बांधकाम' असे कोणी समजत नाही. साहजिकच हद्द मोजली जात नाही व परवानगीही मागितली जात नाही. मृगाच्या पहिल्या सरीत नव्या छपराची पागोळी शेजाऱ्याच्या भिंतीवर कोसळू लागली म्हणजे तक्रारीस आरंभ होतो. सपर हलविण्याची पाळी येते ती नेमकी आत धान्य, खत आणि बियाणे भरलेले असताना व बाहेर पाऊस धरलेला असताना. अशा वेळी भिजलेली ज्वारी कोणत्याही निकालाने परत मिळत नाही.

हद्दीपासून अंतर सोडण्याचा नियम हा कचेरीतील कोणाच्या लहरीने झालेला नाही. छपरावरचे पाणी आपल्याच जमिनीवर पडावे, भिंतीच्या दुरुस्तीस आपल्याच जमिनीवर उभे राहता यावे, आणि एका घरास लागलेली आग दुसऱ्या घरास सहज लागू नये, या तीन गरजांतून तो आला आहे. ह्या गरजा ज्याने ध्यानात घेतल्या त्यास नियमाचा आकडा जाचक वाटत नाही. आणि जेथे नियमाने आकडा ठरवून दिलेला नसतो तेथेही किती जागा सोडावी हे त्यास कळते.

काळी की पांढरी?

परवानगी कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न जागा कोठे आहे यावर अवलंबून असतो. आपल्याकडे पूर्वापार गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जातात. जी पिकते ती काळी आणि जीवर वस्ती असते ती पांढरी. सरकारी दप्तरात पांढरीस गावठाण म्हणतात. ही जुनी विभागणी आजही कायद्यास धरून आहे, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यास पहिला प्रश्न हाच विचारावा.

जागा पांढरीत असेल तर ग्रामपंचायतीशी संबंध येतो. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, ज्यास पूर्वी 'मुंबई' व आता 'महाराष्ट्र' हे नाव आहे, त्याच्या कलम ५२ अन्वये पंचायतीच्या पूर्वपरवानगीवाचून इमारत उभारता येत नाही किंवा पाडून पुन्हा बांधता येत नाही. 'भिंती नाहीत, नुसते पत्रे आहेत' ही सबब पुष्कळदा पुढे केली जाते. तिच्या भरवशावर राहू नये. जे छप्पर वर्षानुवर्षे एका जागी उभे राहणार आहे त्याचा अर्ज आधी करणे हेच हिताचे होय.

गावठाणातील हद्दींविषयी एक मोठा बदल अलीकडे झाला आहे. शेतजमिनीचे नकाशे व उतारे पिढ्यान् पिढ्या होते. परंतु बहुसंख्य गावांच्या पांढरीत घरनिहाय मोजणी झालेलीच नव्हती. कोणाचे परस कोठे संपते हे वडीलधाऱ्यांच्या आठवणीवर, एखाद्या निंबाच्या झाडावर किंवा पडक्या कुंपणावर ठरत असे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची स्वामित्व योजना सुरू झाली आणि ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन घरमालकांस मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. ज्या गावी ही पत्रिका मिळाली आहे तेथे परसाचे क्षेत्र व हद्द आता कागदावर आहे. हद्दीवर टेकलेले सपर पूर्वी डोळ्याआड होत असे. तसे आता होत नाही. ज्यांस पत्रिका मिळाली आहे त्यांनी खांब रोवण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहावी. ती ट्रंकेत जपून ठेवण्यासाठी दिलेली नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, सपराची नोंद झाली व त्याची घरपट्टी भरली म्हणजे जागा आपली झाली, असे अनेकांस वाटते. ती नोंद कर वसुलीसाठी असते. तीवरून मालकी सिद्ध होत नाही, आणि सरकारी जागेवरील अतिक्रमणही नियमित होत नाही. रस्त्याकडेची मोकळी पट्टी, चावडीमागील जागा, गायरान ह्या ठिकाणी 'कोणाचीच नाही' म्हणून गोठा घातला जातो. परंतु कोणाची नाही अशी जमीन नसते. जी कोणा व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या मालकीची नाही ती महसूल कायद्याने सरकारची होय. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी सर्व राज्यांस निदेश दिले, आणि महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी १२ जुलै रोजी त्यानुसार निर्णय काढला.

गावच्या पुढाऱ्यांनी तर या बाबतीत अधिकच सावध असावे. सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारा इसम ग्रामपंचायतीचा सदस्य राहण्यास अपात्र ठरतो, अशी तरतूद वरील अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, अतिक्रमण मुळात सासऱ्याने किंवा पतीने केलेले असले तरी त्या जागेचा उपभोग चालू ठेवणारी सदस्यही अपात्रतेतून सुटत नाही. आजोबांच्या वेळचा गोठा म्हणून तो निर्धोक, असे त्यामुळे समजता येत नाही.

आता काळीविषयी. शेतकऱ्यास आपल्या शेतात शेतीच्या सोयीसाठी इमारत उभारण्याचा हक्क फार जुना आहे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात तो होता, आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४१ मध्ये तो कायम आहे. शेतावरील इमारत म्हणजे काय, याची व्याख्याही संहितेने केली आहे. शेतीची औजारे, खत किंवा वैरण ठेवण्यासाठी, शेतमाल साठविण्यासाठी, गुरांच्या निवाऱ्यासाठी, धारकाचे कुटुंब, नोकर अथवा कुळे यांच्या राहण्यासाठी, किंवा लागवडीच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेल्या अन्य कामासाठी बांधलेली इमारत त्या व्याख्येत येते.

व्याख्येचा मर्म असा की, इमारत धारकाच्या स्वतःच्या शेतीशी जोडलेली असली पाहिजे. आपल्या शेतातील सोयाबीन ज्या कोठारात ठेवले आहे ते शेतावरील कोठार होय. तेच कोठार खताच्या दुकानदारास भाड्याने दिले, किंवा गावचा माल विकत घेऊन त्यात भरला, तर त्या जागेचा वापर शेतीचा राहत नाही आणि बिगरशेती वापराचे नियम व दंड लागू होऊ शकतात. पत्रे तेच, खांबही तेच असतात. फरक आतल्या मालाच्या धन्यात असतो.

शहराजवळच्या शेतकऱ्यास याहूनही एक गोष्ट पाहावी लागते. महानगरपालिका व नगरपालिका यांच्या हद्दीत, मोठ्या शहरांच्या हद्दीबाहेरील ठरावीक पट्ट्यात, तसेच प्रादेशिक योजना किंवा नगररचना योजना लागू असलेल्या क्षेत्रात, शेतावरील इमारतीसही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेण्याची अट १९८६ च्या दुरुस्तीने संहितेत आली आहे. राहण्यासाठी शेतघर बांधावयाचे असेल तर अशा क्षेत्रात किमान ०.४० हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर जमीन असावी लागते. योजना क्षेत्रांत हद्दीपासून सोडावयाचे अंतरही डिसेंबर २०२० पासून अमलात आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने बांधलेले असते, व ते भूखंडाचे आकारमान आणि रस्त्याची रुंदी यांनुसार बदलते. शेजारच्या तालुक्यातील पाहुण्याने अमुक इतके फूट सोडले म्हणून आपणही तेवढेच सोडावे, हा हिशेब येथे उपयोगी पडत नाही.

पागोळी कोठे पडते?

पावसाचे पाणी ही किरकोळ बाब नव्हे, हे एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. तीस फूट लांबीचे व वीस फूट रुंदीचे दुपाखी छप्पर घेतले तर त्याचे एकेक पाखे तीनशे चौरस फूट, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर जागा झाकते. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो. एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला तर एका पाख्यावरून सुमारे १,४०० लिटर, म्हणजे २०० लिटरची सात पिंपे पाणी खाली येते. हे पाणी सर्वत्र पसरून पडत नाही. तीस फुटांच्या एकाच रेषेत, दहा-बारा फुटांच्या उंचीवरून पडते. ती रेषा शेजाऱ्याच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीच्या पायथ्याशी आली तर एका पावसाळ्यात भिंत खालून कोरली जाते. पक्क्या विटांचे घर असले तरी काळ्या जमिनीत पाया सुटका पावत नाही. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते व पाया हलवून भिंतीस चिरा पाडते. हाच परिणाम आपल्या स्वतःच्या कोठाराच्या पायावरही होतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

तेव्हा जेथे नियमाने आकडा दिलेला नाही तेथे कोठाराची भिंत हद्दीपासून निदान पाच फूट आत घ्यावी. हा आकडा कोणत्याही कायद्यातून घेतलेला नाही. तो कामाच्या गरजेतून निघतो. वळचण भिंतीच्या बाहेर दीड फूट येते. दहा फूट उंचीवरील पत्रा बदलण्यासाठी शिडी लावावयाची तर तिचा पाय अडीच फूट बाहेर ठेवावा लागतो, नाहीतर ती उलटते. उरलेला एक फूट पाणी वाहून नेणाऱ्या चरासाठी. एका गुंठ्याचे, म्हणजे ३३ फूट लांबी-रुंदीचे परस असले तरी दोन्ही अंगांस पाच-पाच फूट सोडून तेवीस फूट उरतात, आणि तेवढ्यात चार जनावरांची दावण व शेजारी लहानसे कोठार बसते.

परस अरुंद असेल आणि एवढी जागा सोडणे शक्य नसेल तर दुपाखी छपराचा हट्ट धरू नये. एकपाखी छप्पर करावे, त्याची उंच बाजू हद्दीकडे व उतरती बाजू आपल्या अंगणाकडे ठेवावी, म्हणजे सर्व पागोळी आपल्याच अंगणात पडते. मात्र उंच बाजूसही माणूस आडवा चालेल एवढी वाट राखावी, आणि त्या बाजूने वारा पत्र्याखाली शिरणार असेल तर पत्र्यांचे हुक दुप्पट करावेत. वळवाच्या वादळात उडणारे पत्रे बहुधा असेच एकपाखी सपरांचे असतात. अशा मांडणीसही पंचायतीची परवानगी लागतेच; पाणी आपल्याकडे वळविले म्हणजे परवानगीतून सुटका झाली असे नव्हे.

शेजाऱ्याने आज हरकत घेतली नाही म्हणून निश्चिंत होणेही बरोबर नाही, आणि शेजाऱ्यानेही भिडेखातर गप्प राहणे बरोबर नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार एखादा उपभोग वीस वर्षे शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून व खंड न पडता चालू राहिला तर तो कायमचा हक्क होऊ शकतो. दुसऱ्याच्या जमिनीवर पागोळी पाडणे हा अशाच उपभोगांपैकी एक होय. वडिलांनी भिडेने सोसलेले पाणी मुलास हक्काने सोसावे लागते ते यामुळे. उलट, शेजाऱ्याच्या घरास वीस वर्षांपासून खिडकीतून उजेड व हवा मिळत असेल आणि नव्या कोठाराने ती बंद होत असेल, तर शेजाऱ्यास न्यायालयात दाद मागता येते. दोघांनी मिळून फीत धरून हद्द पाहिली व तिचा साधा कागद करून ठेवला तर ह्या वीस वर्षांच्या हिशेबात शिरण्याचे कारणच उरत नाही. हद्दीविषयी खरोखर मतभेद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे मोजणीचा अर्ज करावा. जुन्या हद्दीच्या खुणा परस्पर उपटणे हा गुन्हा आहे.

शेतात कोठार घालताना बांधाचाही विचार करावा. अनेक शेतांस जाण्याची वाट बांधावरूनच असते. कोठाराचा कोपरा त्या वाटेत आला तर वरच्या शेतकऱ्याची गाडी किंवा ट्रॅक्टर अडतो, आणि तो १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागू शकतो. पेरणीच्या तोंडावर दोन्ही शेतकऱ्यांस तालुक्याच्या खेपा घालाव्या लागतात, त्या ह्याच कारणाने.

आत काय ठेवावयाचे?

मोकळी सोडलेली जागा वाया जाते, अशी तक्रार ऐकू येते. कांदाचाळीच्या बाबतीत तरी ती साफ चुकीची आहे. कांदा टिकतो तो चाळीतून खेळणाऱ्या हवेवर. म्हणूनच पाखीची रुंदी चार फूट व साठवणीची उंची पाच फूट यांपलीकडे जाऊ नये असे सांगितले जाते, आणि खालूनही हवा यावी म्हणून तळ जमिनीपासून उचललेला असतो. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर व दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम घालण्याचा सल्ला दिला जातो, तोही वारा व ऊन यांचा विचार करूनच. ही चाळ कोणी हद्दीच्या भिंतीस चिकटवून उभी केली तर त्या बाजूची हवा कोंडते व तेथील कांदा प्रथम सडतो.

धान्याच्या कोठारासही चहूबाजूंनी वाट असली पाहिजे. भिंतीस खेटून रचलेल्या विटा, लाकडे व भंगार ह्यांत उंदीर घर करतात, आणि जेथे मागच्या बाजूस जाताच येत नाही तेथे त्यांची बिळे दिसतही नाहीत. जोते निदान तीन फूट उंच घ्यावे, पायरी जोत्यास पक्की जोडू नये, आणि आत पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड फूट अंतरावर रचावीत. कीटकनाशके धान्याच्या व वैरणीच्या छपराखाली कधीही ठेवू नयेत. त्यांस स्वतंत्र, कुलूपबंद जागा लागते.

शेणखताचा खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान ५० फूट दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. ही विहीर शेजाऱ्याची असली तरी अंतर तेच. कडब्याची गंजी मात्र घर, चूल, गोठा आणि विजेच्या तारा यांपासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी. तिच्यासाठी फुटांचा हिशेब सांगण्यात अर्थ नाही, कारण वाऱ्यावर उडालेली ठिणगी फूट मोजत नाही. आपल्या गावी फाल्गुन-चैत्रात दुपारचा वारा कोठून कोठे वाहतो हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते. गंजी पेटली तर ज्वाळा घराकडे येणार नाहीत अशी बाजू त्यावरून निवडावी.

तारा, रस्ता आणि नदी

विजेच्या तारांविषयीचे अंतर हे शेजाऱ्याच्या संमतीने कमी होत नाही. घराकडे येणाऱ्या कमी दाबाच्या उघड्या तारा छपराच्या सर्वांत उंच भागापासून निदान २.५ मीटर वर व भिंतीपासून निदान १.२ मीटर बाजूस असल्या पाहिजेत. ११ केव्हीच्या उच्चदाब वाहिनीसाठी वरचे अंतर ३.७ मीटर व बाजूचे १.२ मीटर आहे. ३३ केव्हीसाठी बाजूचे अंतर २ मीटर होते. कोठार उभे असताना एखादे वेळी हे अंतर पुरेसे वाटते. परंतु धोका बहुतेक वेळा उभारणीच्या दिवशी असतो. बारा फुटी पत्रा उभा धरून वर देताना किंवा लोखंडी नळ खांबासाठी उचलताना तो तारेस लागतो. तार जवळ असेल तर वीज कंपनीच्या कार्यालयास आधी कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. तार हलवून घ्यावयाची असेल तर त्यासाठीही तेथेच अर्ज करावा. खांबावर स्वतः चढू नये.

महामार्गालगत शेत असणाऱ्यांनी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे इमारत रेषा व नियंत्रण रेषा यांची चौकशी करावी. १९५५ च्या मुंबई महामार्ग अधिनियमाने अशा रेषा ठरविण्याचा अधिकार शासनास दिला आहे. तद्वतच नदीकाठच्या गावी पाटबंधारे खात्याने आखलेली निळी व लाल पूररेषा पाहावी. निळी रेषा २५ वर्षांतून सरासरीने एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नदीपात्र व निळी रेषा यांमधील पट्ट्यात बांधकामास मनाई आहे. या पट्ट्यात कोठार घालून त्यात वर्षाचे धान्य ठेवणे कायद्याने गैर आहेच, परंतु कायदा नसता तरी ते शहाणपणाचे झाले नसते.

अर्ज केव्हा व कसा करावा

पत्रे विकत आणल्यावर अर्ज करण्याची रीत सोडून दिली पाहिजे. चैत्रात काम काढावयाचे असेल तर संक्रांतीनंतर अर्ज दिला जावा, म्हणजे मोजणी, हरकती व पंचायतीची बैठक यांस अवधी मिळतो. अर्जासोबत मिळकत पत्रिका किंवा शेत असल्यास सातबाराचा उतारा व एक हाताने काढलेला नकाशा जोडावा. नकाशा सुबक असण्याची गरज नाही; परंतु त्यात उत्तर दिशा, चारही हद्दी, शेजारी कोण, रस्ता, विहीर, विजेचा खांब, कोठाराची लांबी-रुंदी-उंची, प्रत्येक हद्दीपासूनचे अंतर आणि छपराचा उतार कोणत्या बाजूस आहे, एवढे स्पष्ट असावे. कोठाराचा उपयोगही नेमका लिहावा. 'शेड' एवढाच शब्द लिहिल्याने पुढे नाना अर्थ निघतात. अर्जाची तारखेसह पोच घ्यावी आणि परवानगी किंवा नकार लेखी मागावा. तोंडी 'बांधा, काही होत नाही' हे उत्तर देणारा अधिकारी किंवा सदस्य पुढील वर्षी त्या जागी असेलच असे नाही.

जमीन काळीत असेल आणि परवानगीची आवश्यकता नसेल तरीही तलाठ्यास, ज्यांचे पद आता ग्राम महसूल अधिकारी या नावाने ओळखले जाते, कोठाराची माहिती लेखी द्यावी. पीक कर्ज, विमा किंवा नुकसानीचा पंचनामा यांच्या वेळी हा कागद उपयोगी पडतो.

कित्येकांची कोठारे आधीच हद्दीस टेकून उभी आहेत. ती सर्व मोडावी असे नाही. जागा स्वतःची असून केवळ पागोळी शेजारी जात असेल तर त्या कडेस पत्र्याची पन्हळ बसवावी, तिला आपल्या अंगणाकडे उतार द्यावा आणि शेवटी नळ लावून पाणी चरात किंवा शोषखड्ड्यात सोडावे. तीस फूट लांबीच्या पन्हळीस दर तीन फुटांवर आधार द्यावा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात ती मधे वाकते. झाडाचा पाला साठून पन्हळ तुंबते, म्हणून मृगापूर्वी व पोळ्याच्या सुमारास ती झाडून घ्यावी. हे काम करताना शिडी शेजाऱ्याच्या जागेत ठेवावी लागणार असेल तर त्यास आधी विचारावे.